हात वर करण्याचा हक्क



१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, ते कुठली लढाई हरून गेलं नाही. हैदराबादच्या निजामाने जी कंटिन्जंट फौज पोसायची होती, तिचा पगार थकला. थकबाकी वाढत गेली, आणि कंपनी सरकारने वसुलीसाठी हा कापसाचा मुलूख लावून घेतला. १८६० च्या तहात निजामाचं पन्नास लाखांचं देणं माफ झालं, वऱ्हाड मात्र सुटलं नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सालीना पंचवीस लाखांवर ते कायमच्या पट्ट्याने घेऊन टाकलं आणि पुढच्या वर्षी मध्यप्रांताला जोडलं. कर्ज निजामाचं, तारण आपण. कर्ज फिटलं तरी तारण परत नाही. पतसंस्थेचा वसुली दाखला हाती आलेल्या एका जामीनदाराला मी ही हकीकत सांगितली होती. तो म्हणाला, "साहेब, मंग माह्यं काय येगळं झालं?"

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी आयुष्यभर लोकांचे अर्ज फुकट लिहून दिले. म्हणून समितीने विषय विचारला तेव्हा साहित्य-संस्कृतीवर बोलावं असं वाटलं नाही. माझ्याकडे येणारी माणसं दाराशी चपला काढता काढता जे विचारतात, त्याच्यावरच बोलतो.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "वकीलसाहेब, साध्या माणसाले दिवाळं काढता येते का? का ते मोठ्याइचंच काम हाय?"

येतं. कायदा आहे आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. मुंबईसाठी १९०९ चा, आणि अमरावती-अकोल्यासारख्या बाकीच्या मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. अट एवढीच की देणी फेडण्याची ऐपत उरलेली नाही, आणि त्यासोबत तीनपैकी एक गोष्ट हवी: देणी किमान ५०० रुपयांची असावीत, किंवा हुकूमनाम्यापायी अटक झालेली असावी, किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम असावा. पाचशे रुपये ही शंभर वर्षांपूर्वी मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात फवारणीच्या औषधाची धड बाटली येत नाही, पण आकडा बदलायची कुणाला सवड झाली नाही.

तुम्ही म्हणाल, २०१६ मध्ये नवा दिवाळखोरी कायदा आला ना? आला. त्याचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी लिहिलेलाही आहे. पण तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. अकोल्याच्या एमआयडीसीत एखाद्याने प्रायव्हेट लिमिटेड काढून दालमिल टाकली आणि बँकेच्या कागदावर स्वतःची हमी म्हणून सही केली, तर नवा कायदा त्याला गाठतो. शिक्षक, रिक्षावाला, किराणा दुकानदार, कापूस उत्पादक यांच्यासाठी तो अजून कागदावरच आहे. यांच्यासाठी १९२० चाच.

आता तो कायदा माणसाचं नेमकं काय करतो, हे एका पिशवीवरून सांगतो. तपशील बदललेले आहेत, माणूस ओळखू येणार नाही. अकोला जिल्ह्यातला कृषी सेवा केंद्रवाला. बियाण्याच्या कंपनीची जाहिरात छापलेली कापडी पिशवी त्याने टेबलावर उपडी केली. बँकेच्या दोन नोटिसा. पतसंस्थेचा वसुली दाखला. चेक न वटल्याची वकिली नोटीस, पाठवणारा बियाण्याचा वितरक. सोन्याच्या कर्जाची पावती, दागिने बायकोचे. दोन एकरांचं खरेदीखत, जे खरं म्हणजे खरेदीखत नव्हतंच. आणि उधारीची वही. त्या वहीत सगळं मूळ होतं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, गावोगावच्या शेतकऱ्यांनी उधारीवर नेलेल्या बियाण्या-खताचे पैसे आले नाहीत. वहीत पानामागून पान नावं, पुढे रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने "दिवाळीला", मग ते खोडून "होळीला". मालाचे पैसे वितरकाला द्यायचेच होते, म्हणून बँक, मग पतसंस्था, मग शेकडा पाचने सावकार. शेकडा पाच म्हणजे महिन्याला. वर्षाचे साठ टक्के. हा आकडा मी मुद्दाम मोठ्याने म्हणतो, कारण "शेकडा पाच" कानाला किरकोळ वाटतं.

त्याचा प्रश्न होता, नादारीत हे सगळं पुसलं जाईल का?

सगळं नाही. बँकेकडे दुकान आणि राहतं घर तारण होतं. तारण घेतलेला धनको नादारीच्या बाहेर राहतो, तो आपलं तारण विकू शकतो. सोन्याचंही तेच. न वटलेल्या चेकचा खटला फौजदारी आहे, परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली. नादार ठरल्याने तो थांबत नाही. तिथे नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे भरायला असतात, आणि ते पंधरा दिवस माणसं नोटिशीचं पाकीट न उघडता घालवतात. सरकारी देणी, बायको-मुलांच्या पोटगीची रक्कम, फसवून काढलेलं कर्ज, हेही नादारीतून सुटल्यावर मानेवर राहतं. मग पुसण्यासारखं उरतं काय? हातउसने, पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, पतसंस्थेचं विनातारण कर्ज, दुसऱ्याला जामीन राहून अंगावर आलेलं देणं. माणसाची झोप खरं तर यातल्याच देण्यांनी उडवलेली असते, कारण ती मागायला येणारा ओळखीचा असतो.

या देण्यांपुरतं संरक्षण मात्र भक्कम आहे. न्यायालयाने नादार ठरवलं की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, आणि त्यानंतर कुठलाही विनातारण धनको न्यायालयाच्या परवानगीशिवाय वसुलीचं पाऊल टाकू शकत नाही. अटकेपासून संरक्षणाचा हुकूमही मागता येतो. रिसीव्हर मालमत्ता विकतो, धनकोंना प्रमाणात वाटतो, आणि मुदतीनंतर ऋणकोने सुटकेचा अर्ज करायचा. सुटका झाली की मागची देणी, मघाचे अपवाद सोडून, संपली.

सुटकेच्या कलमात एक जुना हिशेब आहे. रुपयामागे आठ आणे धनकोंच्या पदरात पडतील एवढी मालमत्ता नसेल तर पूर्ण सुटका देऊ नये. पण ती परिस्थिती ऋणकोच्या दोषामुळे आली नसेल तर देता येते. बोंडअळी ही कुणाच्या दोषामुळे येत नाही. वकिलाला इथे काम असतं, आणि उधारीची ती पेन्सिलीची वही इथेच कामाला येते. ज्याने गेल्या तीन वर्षांचे हिशेब ठेवले नाहीत, सट्टा-जुगारात किंवा उधळपट्टीत पैसा घालवला, त्याला हे कलम उलटं लागतं. तेव्हा वही जाळू नका.

दुसरा प्रश्न लगेच येतो, जरा खालच्या आवाजात: "अर्ज कराच्या आंधी वावर बायकोच्या नावावर करून टाकू का?"

करू नका. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतलं बक्षीसपत्र, हक्कसोड, मोबदला न घेता केलेलं कुठलंही हस्तांतर रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला गुपचूप झुकतं माप देऊन फेडलं, साळ्याचे आधी दिले आणि बाकीच्यांना टांगलं, तरी ते उलटवता येतं. आणि हे लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. नादार ठरून सुटका व्हायच्या आत वारशाने काही मिळालं, तेही रिसीव्हरकडे जातं. सुटका होईपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेणं हासुद्धा गुन्हा. या कलमातला आकडासुद्धा १९२० चाच! चहावाल्याची महिन्याची उधारी त्यात बसत नाही. नादार माणसाला ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत निवडून यायला अपात्र ठरवलेलं आहे. हे ऐकून एक होऊ घातलेला सरपंच माझ्या ऑफिसातून उठून गेला होता. कर्ज वाढलं तरी चालेल, असं म्हणाला.

आणि जामीनदार? मुख्य कर्जदार नादार ठरून सुटला, म्हणून जामीनदार सुटत नाही. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या, असं म्हणायचा त्याला अधिकार नाही. वऱ्हाडात शिक्षकांनी, एसटीच्या कर्मचाऱ्यांनी, तलाठ्यांनी ओळखीपोटी पतसंस्थेच्या कागदावर सह्या केल्या आणि निवृत्तीपर्यंत पगारातून कपात सोसली. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला हा जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो, आणि त्यावर पुनरीक्षण करायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. माझा सल्ला तुम्हाला कटू वाटेल: सही करताना ती रक्कम आपण स्वतः उचलतो आहोत असं समजा. झेपत असेल तर करा.

सावकाराकडे वळू. शेकडा पाचवाल्याने त्या दुकानदाराकडून दोन एकरांचं खरेदीखत लिहून घेतलं होतं, तोंडी बोली अशी की पैसे दिले की परत लिहून देतो. वऱ्हाडातल्या अर्ध्या शोकांतिका या तोंडी बोलीत आहेत. इथे मात्र आपला २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम धारदार आहे. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, बिगरशेतकऱ्याला १५ आणि १८, यापेक्षा जास्त व्याज परवानाधारकालाही घेता येत नाही. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, आपली जुनी दामदुपट. आणि कलम १८: सावकारीच्या व्यवहारात जमीन खरेदीखताने, गहाणाने, लीजने सावकाराकडे गेली असेल, तर मागच्या पंधरा वर्षांपर्यंतचा व्यवहार जिल्हा उपनिबंधक तपासू शकतात, तो कागद रद्द ठरवून जमीन परत देऊ शकतात. दिवाणी दावा लागत नाही. साधा अर्ज, त्यासोबत पुरावा: व्याजाच्या नोंदी, बँकेतून गेलेले पैसे, साक्षीदार, आणि ताबा कुणाचा, पेरणी कोण करतं याचा सात-बाऱ्याचा उतारा. दुकानदाराचा सगळा गठ्ठा पाहिल्यावर मी त्याला म्हणालो, नादारीचा विचार नंतर करू, आधी हा अर्ज दे. त्याला त्याच्या दोन एकरांपेक्षा मोठी मदत दुसरी नव्हती.

आता बेलीफाची भीती. हुकूमनामा झाला, दरखास्त लागली, बेलीफ घरी आला. लोकांच्या डोळ्यांपुढे भांडी-कुंडी रस्त्यावर फेकलेली दिसतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने काही गोष्टी जप्तीच्या बाहेर ठेवल्या आहेत, आणि त्या ऐकताना लक्षात येतं की हे लिहिणाऱ्याने कुणाचं तरी घर जवळून पाहिलं होतं: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रूढीप्रमाणे बाईने अंगावेगळे करू नयेत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, पोटापुरती लागणारी गुरं आणि बियाणं, आणि शेतकरी ज्यात राहतो ते घर. पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोनतृतीयांश. प्रॉव्हिडंट फंड, निवृत्तिवेतन, आयुर्विम्याची रक्कम. पण यात एक मेख आहे: हेच घर तुम्ही स्वतः गहाण लिहून दिलं असेल, तर गहाणाच्या वसुलीत हे संरक्षण कामाला येत नाही. आणि शेतजमिनीला अशी सरसकट सूट नाही. बँकांच्या तारणवसुलीच्या सरफेसी कायद्यातून शेतजमिनीवरचं तारण वगळलेलं आहे, म्हणून "जमिनीले कोणी हात लावू शकत नाही" असं गावात बोललं जातं. दिवाणी हुकूमनाम्यात आणि सहकार खात्याच्या वसुलीत ती जाऊ शकते.

कर्जापायी तुरुंगात जाऊ का? पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक होत नाहीच. पुरुषालाही दोन हजारांपर्यंतच्या हुकूमनाम्यात दिवाणी कैद नाही, आणि त्यापुढे कितीही रक्कम असली तरी कमाल तीन महिने. त्या काळातल्या जेवणखर्चाचा निर्वाह भत्ता धनकोने भरायचा. तेही केव्हा? ऐपत असून देत नाही हे सिद्ध झालं तर. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्रात, स्पष्ट केलं की नुसती गरिबी हे कैदेचं कारण होऊ शकत नाही, बदनियत दिसली पाहिजे. चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना १८२४ मध्ये लंडनच्या मार्शलसी तुरुंगात कर्जापायी टाकलं होतं, आणि बारा वर्षांचा पोरगा कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवत होता. ते जग मागे पडलं. फोनवर "उद्या पोलिस येतील" म्हणणारा वसुली एजंट अजून त्याच जगात आहे. त्याला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, नातेवाईक-शेजाऱ्यांत बदनामी करता येत नाही. नोंद ठेवा, फोन रेकॉर्ड करा, बँकेकडे लेखी तक्रार द्या, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. बचत गटाच्या नावाने साप्ताहिक हप्ता घेणाऱ्या मायक्रोफायनान्सलाही २०२२ पासून नियम आहे: सगळ्या हप्त्यांची बेरीज कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नये, आणि कर्ज विनातारण असावं. एकाच बाईला चार कंपन्यांची कर्जं देताना हा हिशेब कुणी केला होता, हे तिने विचारलंच पाहिजे.

एक प्रश्न मात्र मला दरवेळी हलवून टाकतो. तेराव्याचं जेवण झालेलं असतं, मुलाच्या डोक्यावर केस उगवलेले नसतात, आणि तो विचारतो: "बाबाचं कर्ज आता माह्यावर हाय काजी?"

तुझ्यावर नाही. वडिलांच्या मालमत्तेवर आहे. वारशाने जेवढं मिळालं, तेवढ्यापुरतीच वसुली. स्वतःच्या कमाईवर हात टाकता येत नाही, अर्थात तू स्वतः कर्जाच्या कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसशील तर. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, ही हिंदू कायद्यातली जुनी कल्पना २००५ च्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरती, काढून टाकली. पण संसदेने काढली तरी ती मनातून जात नाही. सावकार ती बरोबर ओळखतो. सांत्वनाला येतो आणि नवा स्टँपपेपर सोबत आणतो. त्या दिवशी काहीही सही करू नये. जुनं कर्ज नव्या नावाने लिहून देणं म्हणजे जे देणं कायद्याने तुमच्यावर नव्हतं, ते हाताने ओढवून घेणं. सोसायटीचं "नवं-जुनं" करतानाही हे लक्षात ठेवा. जुनं कर्ज नव्या कर्जाने फेडलं, आकडा व्याजासकट वाढला, आणि वर्षानुवर्षं हातात एक रुपया न येता कर्ज दुप्पट झालेलं असतं.

आता थोडा इतिहास, कारण मला जे म्हणायचं आहे ते त्याच्याशिवाय कळणार नाही. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं तेव्हा अमरावती-खामगावच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव पडला, कर्जं तशीच राहिली. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, आणि १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तो वऱ्हाडाला नव्हता. आपली पाळी १९३० च्या मंदीनंतर आली. १९३३ मध्ये मध्यप्रांतात कर्ज लवादाचा कायदा झाला. त्याच्याशी आपले डॉ. पंजाबराव देशमुख, तेव्हाचे मंत्री, यांचं नाव जोडलं जातं. धनको आणि ऋणको मंडळापुढे समोरासमोर बसायचे, कर्ज तोडून हप्ते बांधायचे. १९३९ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडचा ऋणमुक्ती कायदा आला. या कायद्यांत खोट काढता येईल, पण त्यांची पद्धत मला महत्त्वाची वाटते: माणूस स्वतः अर्ज घेऊन जायचा आणि त्याच्या प्रत्येक कर्जाचा निकाल लागायचा.

स्वातंत्र्यानंतर आपण ती पद्धत सोडली आणि माफी धरली. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. २००८ मध्ये देशभर कर्जमाफी झाली, तिची रेषा दोन हेक्टरांवर ओढली होती. आपल्या कोरडवाहू भागात तीन-चार हेक्टरवाला माणूसही बागायती तालुक्यातल्या एकरवाल्यापेक्षा गरीब असतो, पण तो "इतर शेतकरी" ठरला आणि त्याच्या वाट्याला पूर्ण माफी आली नाही. २०१७ ला दीड लाखांची योजना, २०१९ ला दोन लाखांची. प्रत्येक वेळी बँकेचं शेतीकर्ज; सावकाराचं नाही, हातउसनं नाही, दुकानाचं नाही, जामीनकीचं नाही. माझ्या त्या कृषी सेवा केंद्रवाल्याला एकाही माफीतून एक रुपया सुटला नाही. त्याच्या वहीतले शेतकरी मात्र सुटले, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण सुटल्यावरही त्यांना त्याची उधारी देता आली नाही, कारण माफीने नवा पैसा हातात येत नसतो.

माफी सरकार देतं, केव्हा द्यायची ते सरकार ठरवतं, आणि पुढची माफी येईल म्हणून चालू हप्ता थांबवणाऱ्याला ते व्याजासकट महागात पडतं. मला नादारीचा कायदा प्रिय आहे तो एवढ्यासाठी की तिथे माणूस स्वतःहून हात वर करतो. माझ्याकडे हे एवढं आहे, देणी ही इतकी आहेत, घ्या आणि वाटा, आणि मला परत उभं राहू द्या. ती मेहेरबानी नाही. अमेरिकेत आपली मुलं न्यू जर्सीत नोकरी गेल्यावर वैद्यकीय बिलांपायी 'चॅप्टर सेव्हन'चा दिवाळखोरी अर्ज करतात आणि चार-सहा महिन्यांत मोकळी होतात. तिथे कुणी म्हणत नाही की यांच्या घराण्याला काळिमा लागला. इथे वकिलीच्या सगळ्या वर्षांत मी नादारीचे अर्ज बोटांवर मोजण्याइतके पाहिले. काही दोष लोकांच्या लाजेचा आहे. मोठा दोष कायद्याच्या आळसाचा आहे.

२०१६ च्या कायद्यात अल्प उत्पन्नाच्या माणसासाठी "नव्याने सुरुवात" नावाची तरतूद लिहून ठेवली आहे. वर्षाचं उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत, आणि स्वतःचं घर नको. ही तरतूद लागू झालेली नाही, आणि उद्या लागू झाली तरी मेळघाटातल्या एखाद्या बेघर मजुराशिवाय तिच्यात बसणार कोण? घरकुल मिळालेला माणूससुद्धा घरामुळे बाद. ज्यांनी हे आकडे लिहिले त्यांनी वऱ्हाडातलं एकही घर आतून पाहिलं नसावं. माझं म्हणणं सरळ आहे: व्यक्तींसाठीचा तिसरा भाग लागू करा, त्यातल्या मर्यादा आजच्या भावाने लिहा, गहाण नसलेलं राहतं घर त्यातून वगळा, आणि कर्जवसुली न्यायाधिकरणासाठी अकोल्याच्या माणसाला नागपूरला हेलपाटे मारायला लावू नका. १९३३ मध्ये जे तालुक्याच्या पातळीवर होऊ शकत होतं, ते आज का होऊ नये?

कायदा बदलेपर्यंत जे हाती आहे, त्याबद्दल दोन गोष्टी. लोकअदालतीत तडजोड करताना न परवडणारा हप्ता कबूल करू नका. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. टाळ्या वाजतात, फोटो निघतो, आणि तिसऱ्या महिन्यात दरखास्त लागते. बँकेशी एकरकमी तडजोड ठरली तर आधी पत्र, मग पैसे. फोनवरच्या शब्दावर एक रुपया भरू नका, आणि सिबिलच्या अहवालात पुढे "सेटल्ड" अशी नोंद राहील हे माहीत असू द्या. तो अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो.

बंधू-भगिनींनो, सरकारदरबारी आत्महत्या "पात्र" की "अपात्र" ठरवताना कर्ज बँकेचं होतं की परवानाधारक सावकाराचं, हे तपासलं जातं. तेच कागद माणूस जिवंत असताना कुणीतरी बसून तपासावेत, एवढंच माझं मागणं आहे. तुमच्या घरात, गल्लीत, शाळेतल्या सहकाऱ्यांत कुणी पाकिटं न उघडता कपाटात टाकत असेल, तर त्याच्या सोबत जाऊन बसा, सगळी पाकिटं उघडा, एका कागदावर कुणाचं किती, तारण काय, जामीन कोण, एवढं लिहून काढा. तो घाबरलेला असेल, रात्र-रात्र जागत असेल, तर १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी फुकट बोलता येतं. आणि मग त्याला वकिलाकडे न्या. वकिलाचे पैसे नसतील तर अमरावतीला आणि अकोल्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता, आणि इतरांना तीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असेल तर, तिथे वकील फुकट मिळतो. फोन १५१००. जाताना सगळी पाकिटं घेऊन जा.